कपाटाच्या आतून कोणतं पॉलिश लावू, ज्याचा वास कपड्यांना लागणार नाही?

शनिवारपेठवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. आमचा शनिवार पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा आजेसासूबाईंचं सागवानी कपाट मी हट्टाने कोथरूडला फ्लॅटवर आणलं. पाच फुटी आहे, दोन दारं, आत चार फळ्या आणि खाली दोन खण. बाहेरून अजून छान आहे पण आतून लाकूड एकदम कोरडं, कधी काही लावलेलंच नाही, हात फिरवला की कुसळ लागतं आणि एका फळीच्या मागच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं पण आहेत.

डिसेंबरमध्ये मुलगी बाळंतपणाला येणार आहे, दुपटी, झबली, लंगोट सगळं याच कपाटात ठेवायचंय. म्हणून आतून काहीतरी लावून घ्यावं असं डोक्यात आहे, पण भीती अशी वाटतेय की दोन वर्षांपूर्वी बेडरूमच्या नवीन कपाटाला आतून ऑइल व्हार्निश मारून घेतलं होतं, पॉलिशवाल्याने सांगितलं आठ दिवसात वास जाईल, आठ महिने झाले तरी दार उघडलं की भपकारा यायचा. माझी लग्नातली पैठणी मी त्यात ठेवली होती, ती आजही नाकाशी धरली की तोच वास, ड्रायक्लीन करून पण पूर्ण गेला नाही. परत तसं नकोय. दुकानात विचारलं तर प्रत्येक जण डबा दाखवतो आणि म्हणतो लो ओडर आहे. खरंच वास न राहणारं काय असतं? आणि या पावसात करून घेऊ का थांबू?

शिवाय किचनच्या ट्रॉलीच्या वरची प्लायची कपाटंही आतून कोरीच आहेत, तीही याच्यातच उरकावीत असं मिस्टरांचं म्हणणं आहे.

रंधा_पटाशी

ताई, आधी पैठणीबद्दल वाईट वाटलं. पण त्यात पॉलिशवाल्याने मुद्दाम काही केलं असेल असं नाही, मटेरियलच चुकीच्या जागी लागलं. मी पंचवीस एक वर्षं फर्निचरचं काम करतोय, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ माझं छोटं वर्कशॉप होतं, तेव्हा एक गोष्ट वडिलांकडून शिकलो ती म्हणजे कपाटाच्या आत तेल नाही. बाहेर काय लावायचं ते लावा, आत चपडा.

चपडा म्हणजे लाख. स्पिरिटमध्ये विरघळवली की स्पिरिट पॉलिश, त्यालाच लोक फ्रेंच पॉलिश म्हणतात. लावताना स्पिरिटचा वास डोक्यात जातो हे खरंय, दोन तास खोलीत उभं राहवत नाही, पण स्पिरिट उडून गेलं की संपलं, मागे नुसती लाख राहते आणि सुकलेल्या लाखेला वास जवळजवळ नसतोच. हीच लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवर चकाकी यायला लावतात, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपड्यांना टेकली म्हणून काही होत नाही.

दुकानदार जे लो ओडर म्हणतात ते डबा उघडल्यावर येणाऱ्या वासाबद्दल. तुम्हाला तो वास नकोय असं नाही, तुम्हाला नंतर बंद कपाटात राहणारा वास नकोय. दोन्ही वेगळे. काही मटेरियल लावताना गुपचूप असतं आणि वर्षभर त्रास देतं.

पावसात अजिबात करू नका. हवेत ओल असली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव बसल्यासारखं होतं आणि पॉलिशमध्ये पांढरट ढग येतात. गणपती जाऊ द्या, दसऱ्याच्या सुमाराला पुण्यात जी कोरडी गरम हवा सुटते ती या कामाला एक नंबर. डिसेंबरपर्यंत तुम्हाला दोन महिने मिळतात.

बावधनकर

मी अळशीचं तेल लावलं होतं, नॅचरल आहे म्हणून. जवसाचं तेलच ते, खाण्यासारखं, म्हटलं याचा काय वास राहणार. बुककेसच्या आतल्या बाजूने दोन हात दिले. तीन आठवडे चिकट, मग चिकटपणा गेला पण जुन्या तळणीच्या तेलासारखा खवट वास बसला तो बसला, आणि जुलैमध्ये मागच्या कोपऱ्यात काळपट बुरशीचे ठिपके आले. पुस्तकांच्या पानांना अजून वास आहे. नॅचरल शब्दावर जाऊ नका एवढंच सांगायचं होतं.

रेझिनवाला

बावधनकरांनी सांगितलं त्याचं कारण लिहितो, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. मी रंगाच्या रेझिनच्या लॅबमध्ये बरीच वर्षं होतो.

स्पिरिट पॉलिश वाळतं म्हणजे फक्त स्पिरिट उडतं. अळशीचं तेल, ऑइल व्हार्निश, साधा ऑइल पेंट हे असं वाळत नाहीत, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात आणि ही रिअॅक्शन चालू असताना तेलाचे रेणू तुटून हेक्झानलसारखे छोटे वास असलेले पदार्थ बाहेर पडतात, खवट वास म्हणतात तो हाच. टेबलाला लावलं तर वारा लागतो, काम लवकर उरकतं आणि वास उडून जातो. बंद कपाटात हवा खेळत नाही, मग सुकणंही रेंगाळतं आणि जो वास निघतो तो आतच फिरत राहतो, तिथे लाकडानंतर सगळ्यात जास्त वास शोषून घेणारी वस्तू कुठली तर तुमचे कपडे. त्यात ताईंचं लाकूड सागवान, सागात स्वतःचं तेल असतं आणि ते ऑइल व्हार्निशचं सुकणं आणखी अडवतं. अंधारात तेलाचे रंग पिवळे पडतात ते वेगळंच, पांढरा ऑइल पेंट मारलेल्या कपाटाचा आतला भाग काही वर्षांनी बघा.

डब्यावर व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं) कमी लिहिलंय म्हणून वास कमी असं धरू नका. शुद्ध अळशीच्या तेलात सॉल्व्हंट शून्य असतो, तरी बावधनकरांच्या पुस्तकांचं काय झालं ते बघितलंत.

आणखी एक टाळा, मेलामाईन पॉलिश. आपल्याकडे सुतारलोक सर्रास करतात, दिसतं सुंदर, पण त्यात ॲसिडचा हार्डनर पडतो आणि सुकताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात तो वास. फॉर्मल्डिहाइडला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. बाहेरच्या बाजूला, दारं उघडी ठेवून, महिनाभर थांबून एक वेळ ठीक, पण बाळाच्या कपड्यांच्या कपाटात आतून नको.

शनिवारपेठवाली

बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. म्हणजे पैठणीचं कारण मला आज कळलं. रंधा_पटाशी दादा, मग हा चपडा घरी करता येईल का? आणि तयार बाटली मिळते ती चालेल का? मला हाताने करायला आवडेल, आजेसासूबाईंचं कपाट आहे म्हणून.

रंधा_पटाशी

तयार बाटली घेऊ नका ताई, कारण कधी बनवलीय ते माहीत नसतं. लाख एकदा स्पिरिटमध्ये विरघळली की तिचं वय सुरू होतं, सहा महिने वर्षभर झालं की ती नीट सुकत नाही, चिकट राहते. सुका चपडा आणा, बोहरी आळीत रंगाच्या आणि पॉलिशच्या सामानाच्या दुकानात सुटा मिळतो, पातळ पापुद्रे असतात, नारिंगी किंवा फिकट लिंबू रंगाचे. फिकट घ्या, आत उजेड दिसेल. पॉलिशचं स्पिरिट तिथेच विचारा.

एक लिटर स्पिरिटला २४० ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत करा, लोखंडी डब्यात नको, लोखंडाने लाख काळी पडते. रात्रभर ठेवायचं, येताजाता हलवायचं, सकाळी मलमलमधून गाळायचं आणि बरणीवर तारीख लिहायची. पहिल्या हातासाठी यातलं अर्धं घेऊन त्यात तेवढंच स्पिरिट घालून पातळ करा, कोरडं लाकूड ते पाण्यासारखं पिऊन टाकतं, तुम्हाला दिसेल ते आत जाताना.

त्याआधी १८० चा पॉलिश पेपर मारा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा नाही. मग २२०. भुसा ब्रशने काढा, ओल्या फडक्याने नको. पहिला हात दिला की कुसळं ताठ उभी राहतात, घाबरू नका, तेच पाहिजे असतं, वाळल्यावर ३२० ने हलकंसं उडवून टाका आणि दुसरा हात द्या. आतल्या बाजूला आरशासारखी चकाकी आणायची नाहीये, दोन फार तर तीन हात बास. कोपऱ्यात साचू देऊ नका, साचलेलं महिनोन्महिने मऊ राहतं. मलमलच्या कापडात कापूस बांधून छोटी पोटली करा, ब्रशपेक्षा तीच बरी.

आणि हे नीट वाचा. स्पिरिट पेट्रोलसारखं पेटतं. काम चालू असताना त्या घरात गॅस बंद, देवघरातली समई उदबत्ती बंद, सगळ्या खिडक्या उघड्या. मुलगी घरी असेल तर त्या दिवशी तिला दुसरीकडे पाठवा, पोटुशी बाईने तो वास घेऊ नये. वापरातलं स्पिरिट विषारी असतं, बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

सिंहगडरोड_७

किचनच्या कपाटाला चपडा लावू नका. मी लावला होता मसाल्याच्या रॅकला. गरम कढई टेकली तिथे खळगा पडला, पाण्याचा ग्लास ठेवला तिथे पांढरी रिंग, आणि सोड्याने पुसलं तर पुसूनच गेला. वॉटर बेस पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, करा तिकडे. पाण्याने पातळ होतं, लावताना वास एकदम सौम्य असतो, दुधासारखं पांढरं दिसतं आणि सुकलं की पारदर्शक. हाताला दोन तासात सुकल्यासारखं वाटतं पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, ही गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते, मी चौथ्या दिवशी स्टीलचे डबे मांडले तर डब्यांचे बूड फळीला चिकटले, उचलताना फिल्म निघून आली. सिंकखालच्या कपाटातही हेच करा, कडा आधी.

रेझिनवाला

कडांचं बरोबर बोललात. प्लायचा गोंदाचा वास मुख्यतः कापलेल्या कडांतून आणि हार्डवेअरच्या भोकांतून येतो. साध्या एमआर (ओल थोडीफार सोसणाऱ्या) ग्रेड प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो ओल आणि उष्णतेने हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतो. आयएस ७१० वाल्या म्हणजे मरीन प्लायमध्ये फिनॉलिक गोंद असतो, तो बराच स्थिर. तुमच्या कपाटांची प्लाय कुठली आहे ते शिक्क्यावर बघा. एमआर असेल तर पाठीमागची बाजू, कडा, भोकं सगळ्यांना वॉटर बेस पीयूचे दोन तीन हात, नुसतं समोर दिसतं तेवढं रंगवून उपयोग नाही.

सिंहगडरोड यांच्या मुद्द्याला जोडून, ज्यांना चपड्यावर पीयू चढवायचाय त्यांनी मेण काढलेला चपडा घ्यावा. साध्या लाखेत पाच टक्क्यांच्या आसपास मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही.

जुनं_लाकूड

मला वेगळं सांगायचंय. आतून काही लावायलाच पाहिजे का? आमच्या वाड्यातली भिंतीतली फडताळं शंभर वर्षांची होती, आतून कोरं लाकूड, त्यात लोणच्याच्या बरण्या, दप्तरं, सोवळी सगळं राहिलं. आई सुती फडकं अंथरायची आणि वेखंडाचे तुकडे टाकायची. जुन्या लाकडाचा स्वतःचा एक वास असतो, दार उघडलं की आजी आठवते, तो कशाला बंद करायचा? कुसळं काढायला पेपर मारा आणि थांबा.

रंधा_पटाशी

तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, मीही जुन्या कपाटाला विनाकारण हात लावू देत नाही. पण ताईंच्या कपाटाला भोकं आहेत. ती टाचणीएवढी भोकं म्हणजे किडा बाहेर पडल्याची वाट. सागाचं आतलं गाभ्याचं लाकूड तो सहसा खात नाही, पांढऱ्या कडेचा भाग खातो आणि या जातीची मादी उघड्या लाकडाच्या छिद्रात अंडी घालते, पॉलिश असलं की छिद्रं बंद होतात आणि तिला जागा मिळत नाही. म्हणून फळीचा खालचा भाग आणि मागची कड सोडू नका.

आधी एवढं करा, भोकांच्या खाली काळा कागद ठेवा आणि पंधरा दिवसांनी बघा. मैद्यासारखी ताजी भुकटी पडली असेल तर किडा जिवंत आहे. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण कोऱ्या लाकडाला भरपूर पाजायचं, त्याला वास नसतो, पूर्ण वाळवायचं आणि मग वरून चपड्याने बंद करायचं. हातमोजे घाला, पोटात जाता कामा नये. रॉकेल टोचायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, वास आयुष्यभर.

दारं मात्र आतून बाहेरून दोन्हीकडून बंद असलेली बरी. एकाच बाजूने पॉलिश असलं की पावसाळ्यात कोरी बाजू ओल घेते आणि दार वाकतं. तुमचं दार वरच्या कोपऱ्यात पुढे येत असेल तर कारण हेच असू शकतं.

शनिवारपेठवाली

येतं! उजवं दार वरच्या कोपऱ्यात चांगलं बोटभर पुढे येतं, मला वाटायचं आणताना टेम्पोत काहीतरी झालं.

जुनं_लाकूड, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडेही वेखंड असायचं. पण नंतरच्या वर्षांत सासूबाई डांबर गोळ्या टाकायच्या आणि आत्ता कपाटाला आजेसासूबाईंचा वास नाही, गोळ्यांचाच वास आहे. त्याचं काय करू?

बावधनकर

ताई, हे महत्त्वाचं आहे, सोडून देऊ नका. आमच्या डॉक्टरांनी बाळाच्या वेळी बजावून सांगितलं होतं. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि अशा बाळांना नॅप्थालीनच्या म्हणजे डांबर गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोरात कावीळ होऊ शकते. जन्मल्याजन्मल्या आपल्याला माहीत नसतं कुठल्या बाळाला आहे. बाळाच्या कपाटात गोळी नकोच, आणि आधी गोळ्यांत राहिलेली जुनी दुपटी वापरणार असाल तर धुऊन चांगली कडक उन्हात वाळवा.

रेझिनवाला

बरोबर. नॅप्थालीन घन असून थेट वाफ होतं, म्हणून ते घालवायला ऊब आणि वारा लागतो. खण आणि फळ्या बाहेर काढून बाल्कनीत वाऱ्याला ठेवा, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं थेट ऊन जुन्या फळीला नको, तडकते. दारं उघडी टाकून आत टेबल फॅन लावा. वास पूर्ण जाईपर्यंत पॉलिश करू नका.

आणि निवड करण्याआधी एक साधी टेस्ट करा, कुठल्याही डब्यावरच्या शब्दांवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. टिंबरच्या दुकानातून सागाचे चार इंची तुकडे आणा, एकेकाला एकेक मटेरियल लावा, आठवडाभर उघड्यावर वाळू द्या. मग प्रत्येक तुकडा वेगळ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत धुतलेला सुती रुमाल, आणि डबा दोन दिवस बंद. नंतर तुकड्याचा नाही, रुमालाचा वास घ्या. एक डबा नुसत्या कोऱ्या तुकड्याचा पण ठेवा, तुलनेला.

शनिवारपेठवाली

मंडळी, दसरा झाला, आता सांगते काय केलं ते.

काळ्या कागदावर पंधरा दिवसात काहीच पडलं नाही, म्हणजे किडा जुना होता, तरी मी पांढऱ्या कडांना बोरॅक्सचं द्रावण दिलंच. खण आणि फळ्या महिनाभर बाल्कनीत होत्या, पाऊस आला की मिस्टर आत आणायचे आणि उघडला की बाहेर ठेवायचे. डांबर गोळ्यांचा वास जवळजवळ गेला, फक्त खालच्या खणाच्या मागच्या फळीला नाक टेकवलं तर पुसटसा येतो, ती फळी अजून बाहेरच आहे.

डब्यांची टेस्ट केली. चार डबे, एक कोरा, एक चपडा, एक वॉटर बेस पीयू, एक मुद्दाम ऑइल व्हार्निश. रुमाल मी आणि माझ्या धाकट्या जावेने दोघींनी डोळे बंद करून हुंगले. व्हार्निशचा रुमाल तिने हातभर लांबूनच ओळखला. पीयूच्या रुमालाला अगदी थोडा, नवीन प्लास्टिकच्या पिशवीसारखा वास होता, पुढचे दोन आठवडे डबा उघडा ठेवल्यावर तोही गेला. चपड्याचा आणि कोऱ्याचा रुमाल आम्हाला दोघींनाही वेगळा सांगता आला नाही.

मग चपडाच केला. बरणीत पापुद्रे स्पिरिटमध्ये सुटताना मधासारखा रंग येतो, मी रात्री दोनदा उठून बघितलं. पहिला हात दिल्यावर त्या राखाडी कोरड्या फळीत आतून सागाच्या रेषा वर आल्या, तांबूस सोनेरी, मला माहीतच नव्हतं त्या तिथे आहेत. मधल्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेला हिशेब सापडला, साखर, रॉकेल, दूध, शेजारी आणे. अक्षर आजेसासूबाईंचंच असणार. तेवढ्या जागेला पेपर मारला नाही, वरून हलक्या हाताने चपडा दिला, ते आता पुसणार नाही ना?

किचनचं वॉटर बेस पीयूने चाललंय, पुढच्या महिन्यापर्यंत डबे मांडणार नाही.

रंधा_पटाशी

पेन्सिल स्पिरिटने पुसत नाही, शाई असती तर पसरली असती. पहिला हात वाळलेला आहे ना, मग आता त्याला काही होत नाही, वरून घासू मात्र नका. दार बघा पुढच्या पावसाळ्यात, दोन्हीकडून बंद झालं की निदान आणखी तरी वाकणार नाही.

शनिवारपेठवाली

खूप आभार दादा. शेवटचं एक, फळ्यांवर पेपर अंथरू का नेहमीसारखा, रद्दीचा?

रंधा_पटाशी

रद्दी नको, शाईचा वास आणि डाग दोन्ही दुपट्यांना लागतात. अजून दोन आठवडे दारं उघडी ठेवून फळ्या तशाच राहू द्या, मग जुन्या धुतलेल्या सुती साडीचे तुकडे घाला.